आईला काय वाढायचीस

सांता रोसा, ९ ऑगस्ट १९९६

एलोदिया,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. अकरा वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही, मग पहिल्याच शब्दाला खोटं कशाला? पत्ता फादरांनी दिला. तू मॉन्टेरेत एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करतेस असं ते म्हणाले. म्हाताऱ्यांची सवय होतीच तुला.

इकडे सगळं ठीक आहे. आईच्या कबरीवरच्या क्रुसाचा रंग उडालाय, नोव्हेंबरच्या आत देऊन घेईन. एवारिस्तो गेला त्याला चार वर्षं झाली, तुझ्या मेहुण्याची बातमी तुला कुणीतरी दिली असेलच. माझं दुकान बाजारात त्याच जागी आहे, चर्चच्या भिंतीला लागून. नारळाच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, दुधाच्या वड्या आणि सणाला पाकातला भोपळा. अजूनही पुएब्लाहून लोक वाट वाकडी करून येतात. हे सांगितलं कारण तुला वाटत असेल, मी एकटी पडून खंगले. तसं काही नाही.

आता मुद्द्याचं लिहिते.

जूनमध्ये डाव्या डोळ्यापुढे एक काळा धागा तरंगायला लागला. मला वाटलं चुलीची काजळी गेली असेल. आठ दिवस डोळा धूत बसले. मग दवाखान्यात गेले. तिथे मारीक्रूस नावाची नवी नर्स आहे, वयानं लहान, तोंडानं फटकळ. तिनं बोटाला टोचून रक्त काढलं आणि म्हणाली, “तीनशे बारा. दोमितिलाबाई, तुम्ही चालत आलात कशा?” मला साखर झाली आहे, एलोदिया. आईची होती तीच. पुएब्लाचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या मागं रक्त झिरपतंय, प्रकाशानं डाग देऊन ते बंद करता येईल, पण साखर इतकी असताना तो हात लावणार नाही. गोळ्या आहेत तेवढ्या चालू केल्यात. तेरा नोव्हेंबरची तारीख दिलीय. तोवर खाण्यापिण्यानं आकडा एकशे ऐंशीच्या खाली आला तर ठीक, नाहीतर इन्सुलिनची सुई.

आणि सुई म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको.

मारीक्रूसनं एक छापील कागद दिलाय. त्यावर सफरचंद, मासा आणि कसल्याशा हिरव्या गड्ड्याचं चित्र आहे, जो आपल्या बाजारात कुणी बघितलेला नाही. तो कागद मला नको. आई साखर झाल्यावर सहा वर्षं तुझ्या हातचं खाऊन जगली. आईला काय वाढायचीस ते लिही. सकाळपासून झोपेपर्यंत, किती आणि केव्हा. एवढंच मागतेय. बाकी काही लिहायची गरज नाही.

दोमितिला


सांता रोसा, ३० ऑगस्ट १९९६

एलोदिया,

तीन आठवडे झाले. फादर म्हणाले की मॉन्टेरेचं पत्र आठ दिवसांत पोचतं. म्हणजे ते तुझ्याकडे आहे आणि तू त्याच्याकडे बघत बसली आहेस. गप्प बसण्यात तुझा हात कुणी धरला नाही. लहानपणी बशी मी फोडायची आणि तू अशी काही गप्प बसायचीस की आईला वाटायचं तूच फोडली.

तुझ्यावाचून अडलंय असं समजू नकोस. मी माझं सुरू केलंय. कॉफीतला गूळ बंद. बाटलीतलं थंडगार गोड पाणी मी रोज दोन बाटल्या प्यायची, ते बंद. गोड पाव बंद. पहिले चार दिवस डोकं असं दुखलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं. पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाशी भांडले. सहाव्या दिवशी समोरच्या कुत्र्याशी. फुलवाली चोले माझ्या शेजारीच बसते अजून, ती म्हणाली, “अगं, खाऊन मेलीस तर एकदा मरशील. न खाता आम्हाला सगळ्यांना मारशील.” बाजार हसला. मीही हसले, पण आतून पेटले होते.

इतकं करून गेल्या बुधवारी आकडा किती? दोनशे शहाऐंशी.

मारीक्रूस म्हणाली, “बाई, तुम्ही काहीतरी लपवताय.” मी म्हटलं, “माझ्या आईची शपथ.” तर ती पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन माझ्या कढईपाशी स्टूल टाकून बसली. मी पाक करत होते. तुला माझी रीत ठाऊक आहे. थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात ती बाकीची लोकं. मी बोट बुडवून जिभेला लावते. पाक कुठं आला, करपायला किती अवकाश आहे, लिंबू पडलं की नाही, नारळ कालचा आहे की आजचा, सगळं मला जीभ सांगते. आजीनं असंच शिकवलं. दुपारपर्यंत मारीक्रूसनं कागदावर रेघा मारल्या आणि माझ्यापुढे धरल्या. सदतीस.

“हे खाणं नव्हे गं, हे काम आहे,” मी म्हटलं.

“साखरेला ते कळत नाही, बाई,” ती म्हणाली.

तेव्हापासून जीभ बंद. पाण्यात थेंब टाकून बघते, शिकाऊ बाईसारखी. परवा चिक्कीचा एक घाणा कडू झाला आणि नारळाच्या वड्या थापल्याच गेल्या नाहीत, लगदा झाला. एकसष्टाव्या वर्षी मला माझ्याच कढईची भीती वाटते. धागे आता दोन झालेत. पेपरातलं बारीक वाचताना डावा डोळा मिटून घ्यावा लागतो.

लिहिणार असलीस तर लवकर लिही. आपली भांडणं नंतरही आहेतच.

दोमितिला


सांता रोसा, १५ सप्टेंबर १९९६

एलोदिया,

काल पाकीट आलं. मी एप्रनच्या टोकानं हात पुसले आणि दुकान उघडं टाकून चर्चच्या पायरीवर जाऊन उघडलं. आत एक कागद. माझं नाव नाही, तुझं नाव नाही, तारीख नाही. मी उलटून बघितला, पाकिटात बोट घालून बघितलं. चोलेनं विचारलं, “कुणाचं?” मी म्हटलं, “औषधाच्या दुकानाचं.”

तो कागद मी चुलीजवळ खिळ्याला लावलाय. तुझ्याच शब्दांत उतरवते, म्हणजे मला बरोबर लागलंय का ते तुला कळेल.

सकाळी दालचिनीची कॉफी, गूळ नाही. एक अंडं, निवडुंगाची भाजी, मक्याच्या दोन भाकऱ्या. दहाला पपईची फोड, तळहाताएवढी, तिच्या तळहाताएवढी, तुझ्या नव्हे. दुपारी काळ्या घेवड्याची उसळ एक वाटी, कोवळा भोपळा, दोन भाकऱ्या. तिसरी मागितली तर काकडी. संध्याकाळी अर्धा पेला दूध, एक भाकरी. गोड पाव रविवारीही नाही. जेवणाआधी सुई, सुईनंतर अर्ध्या तासात जेवण, उशीर चालत नाही. रडली तरी नाही. तिच्या उशीखाली रोज बघायचं.

‘तुझ्या नव्हे’ वाचून मला हसू आलं. माझे हात मोठे आहेत हे लक्षात आहे तुझ्या. मग नाव लिहायला काय झालं होतं? ‘ताई’ नको, नुसतं दोमितिला लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

सुईची ओळ मी खोडली आहे. ती मला लागणार नाही.

शेवटची ओळ मात्र कळली नाही. उशीखाली काय बघायचं? आईच्या उशीखाली जपमाळ असायची आणि बाबांचा फोटो. मी एकटी राहते, माझ्या उशीखाली कोण काय ठेवणार? म्हातारपणी तुझंही डोकं कुठल्या कुठं जातंय असं दिसतं. असो. कागदाप्रमाणे खाते आहे. निवडुंग मला लहानपणापासून आवडत नाही, बुळबुळीत लागतो, पण तू सांगितलंस म्हणून खाते.

तेरा नोव्हेंबरला दोन महिने आहेत.

दोमितिला


सांता रोसा, ३ ऑक्टोबर १९९६

एलोदिया,

दोनशे चाळीस! काल आकडा आला आणि मारीक्रूसनं माझ्या पाठीवर थाप मारली. चोलेला सांगितलं तर म्हणाली, “तुझ्या तोंडात साखर पडो,” आणि मग स्वतःचीच जीभ चावून हसत सुटली. तुझा कागद लागू पडला. हे मी लिहून देते आहे, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

हे इथंच संपवणार होते. पण काल दवाखान्यात आणखी एक झालं, ते मनातून जात नाही.

बुधवारी आम्हा साखरवाल्यांची बैठक असते. गोल बसायचं आणि आठवड्यात काय खाल्लं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आपला नाबोर सुतार आठवतो? त्याचा एक पाय गुडघ्याखाली काढलाय. त्याचा आकडा कधी उतरत नाही. सुई चालू, पथ्य चालू, तरी चारशे. काल मारीक्रूसनं त्याच्या मुलीला, ब्रिहिदाला उभं केलं. बराच वेळ ती नाही नाही म्हणत होती, मग रडायला लागली. म्हणाली, “बाबा हात जोडतात हो. माझं काळीज तुटतं. दुपारी वहिनी घरात नसते, तेव्हा एक गोड पाव देते. एकच. एका पावानं काय होतंय?”

मारीक्रूस ओरडली नाही. हळूच म्हणाली, “तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्यांचे डोळे घालवतेस तू. आणि घालवून झाले की म्हणशील, सुईनं गेले.”

मी म्हटलं, “सुईनं जातातच. सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या आईचे गेले तसेच.”

“बाई, सुईनं कुणाचे डोळे जात नाहीत. आपली माणसं शेवटपर्यंत सुईला नाही म्हणतात. डोळे आतून आधीच पोखरलेले असतात. सुई उशिरा येते आणि नाव तिचं होतं. तुमच्या आईला सुई केव्हा लागली? पथ्य कोण बघत होतं?”

“माझी बहीण,” मी म्हटलं.

“नीट बघत होती?”

सगळे माझ्याकडे बघत होते. नाबोरही. तो तर आईच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. मी म्हटलं, “मला डोकं दुखतंय,” आणि उठून आले.

ती पोरगी काल जन्मलेली. तिला आपल्या आईबद्दल काय माहीत? ती गावची नाही, तिनं काही बघितलेलं नाही. उगाच उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तू ते उशीचं का लिहिलंस, एलोदिया?

दोमितिला


सांता रोसा, १९ ऑक्टोबर १९९६

एलोदिया,

तीनशे एकतीस. गेल्या बुधवारचा आकडा. मारीक्रूसनं सुईच्या डब्याकडे बघितलं.

बैठकीच्या दिवशी दुकानात आले तेव्हा पाक कढईत होता. मी जिभेला लावून बघितला. मग नारळाची एक वडी खाल्ली, मग दुसरी. उभ्यानं, शटर अर्धं ओढून, सगळं ताट संपवलं. चव सुद्धा लागत नव्हती. त्यानंतर आठ दिवस तुझा कागद खिळ्याला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून खात होते. आता डाव्या डोळ्यानं तुझं अक्षर दिसत नाही. उजव्यानं दिसतं. तेवढ्यात हे लिहून टाकायचंय.

तुला ठाऊक आहे. पण मी सांगितलेलं नाही, म्हणून सांगते.

सकाळी दहा ते बारा तू शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायचीस. त्या वेळात मी आईकडे यायची. मक्याच्या पातीत दोन वड्या गुंडाळून आणायची. आई म्हणायची, “एक आत्ता, एक उशीखाली.” सुरुवातीला आठवड्यातून एकदा. मग रोज. चार वर्षं, एलोदिया. तू एकदा विचारलंस, आईच्या अंथरुणात मुंग्या कशा येतात? मी म्हटलं, तुझ्या औषधाच्या वासाला. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि चादर झटकायला बाहेर गेलीस. तेव्हाच कळलं होतं ना तुला? मग का नाही बोललीस? बोलली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते, आईची शपथ घेऊन खोटं बोलले असते, हेही खरं.

दया आली म्हणून दिल्या, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ब्रिहिदासारखं काळीज तुटत होतं असं. खोटं आहे ते. आई लहानपणापासून तुझी होती. तू तिच्याजवळ राहिलीस, तू तिचे पाय धुवायचीस, तिचं सगळं तुला विचारून व्हायचं. मी लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेले आणि पाहुणी झाले. मग तिला साखर झाली. तू ‘नाही’ म्हणणारी झालीस आणि मी ‘घे’ म्हणणारी. पहिल्यांदा ती दाराकडे माझी वाट बघायला लागली. माझा हात धरून म्हणायची, “तूच माझी खरी लेक.” त्यासाठी दिल्या मी. त्यासाठी मी आणखीही दिल्या असत्या.

त्या फेब्रुवारीत ती सकाळी उठून म्हणाली, दिवा का लावला नाही? खिडकीतून ऊन येत होतं. तू तिच्या डोळ्यांपुढे हात हलवत होतीस. मी दारात आले. बाहेर चोले होती, दूधवाला होता. मी म्हटलं, “हिनं सुया टोचून टोचून आईला आंधळं केलं.”

मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. निम्मं माहीत होतं. मुंग्यांच्या दिवसापासून.

पुढचं तुला माहीत आहे. पोरं तुला ‘सुईवाली’ म्हणत पळायची. शाळेत म्हणाले, तुझ्या हातचं मुलांना नको. आईला पुरलं तेव्हा तुझ्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही, मीही नाही. नऊ दिवसांची प्रार्थना संपली त्या सकाळी तू बसमध्ये बसलीस. मी खिडकीतून बघत होते. मला हायसं वाटलं होतं.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर तुझा हक्क आहे.

दोमितिला


सांता रोसा, ५ नोव्हेंबर १९९६

एलोदिया,

तुझं उत्तर नाही. यायला हवं असंही नाही. पण दोन गोष्टी घडल्या त्या तुला कळल्या पाहिजेत.

दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, मी आईच्या कबरीवर गेले. क्रुसाला निळा रंग दिला होता. सगळं गाव तिथं होतं, नेहमीसारखं. पाणी, फुलं, मेणबत्त्या, गाणारे, खाणारे. मी झेंडूच्या पाकळ्या पसरत होते तेवढ्यात चोले आली आणि तिनं माझ्याच दुकानातली एक नारळाची वडी कबरीवर ठेवली. म्हणाली, “खा गं बाई. जिवंतपणी त्या सुईवालीनं खाऊ दिलं नाही, आता तरी पोटभर खा.”

अकरा वर्षं दर साली कुणीतरी हे म्हणतं. दर साली मी मान हलवते.

या वेळी मी ती वडी उचलली. म्हटलं, “चोले, तिनं जिवंतपणीच खाल्ल्या. रोज दोन. मी दिल्या.”

“काय बोलतेस? मेलेल्या माणसासमोर!”

“तिच्यासमोरच बोलायचंय. आईचे डोळे साखरेनं गेले. साखर माझ्या हातची होती. एलोदिया तिला वाचवत होती आणि मी तुम्हाला तिच्याबद्दल खोटं सांगितलं.”

मला वाटलं होतं, एकदम शांतता होईल. कसली शांतता? शेजारच्या कबरीवर गाणारे दोघं तसेच गात राहिले. त्यांना गप्प करून पुन्हा सांगावं लागलं. चोले बायकांना म्हणाली, “साखर डोक्यात चढलीय हिच्या, भ्रम झालाय, बसवा हिला.” एकीनं मला पाणी पाजलं. तेव्हा मी तिसऱ्यांदा सांगितलं, मुंग्यांसकट. मग नाबोर कुबड्या टेकत पुढे आला आणि म्हणाला, “भ्रम नाही झालेला. एवढं नेमकं भ्रमात कुणी बोलत नाही.” तेव्हा कुठं त्यांना पटलं. एक एक करून सगळ्या आपापल्या कबरीकडे गेल्या. फादर दूर उभे होते, त्यांनी फक्त टोपी काढली.

रविवारी बाजारात चोलेनं तिचं बाकडं चार हात पलीकडे सरकवलं. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुपारी येऊन म्हणाली, “मी तिच्या अंगावर घाण पाणी टाकलं होतं एकदा, रस्त्यात. तुझं ऐकून.” मी म्हटलं, “ते मला माहीत नव्हतं.” ती म्हणाली, “तिनं सांगितलं नसेल. ती कुठं काही सांगायची?” आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ उभी राहिले.

दुसरी गोष्ट. सोमवारी मी स्वतः होऊन मारीक्रूसकडे गेले आणि म्हटलं, शिकव. आठ दिवसांत आकडा उतरला तर पुएब्लाचा डॉक्टर तेराला डोळ्याला हात लावेल, नाहीतर तारीख पुढे जाईल, असं ती म्हणाली. उजवा वाचेल बहुतेक. डाव्याचं ती काही बोलत नाही. आता सुया उकळाव्या लागत नाहीत, तुझ्या वेळेसारख्या. प्लास्टिकच्या असतात, एकदा वापरून टाकायच्या. मी पोटाची चिमूट धरली. मारीक्रूस म्हणाली मी टोचते, मी म्हटलं नको. मी टोचली.

दुखत नाही, एलोदिया. मी बसून राहिले, कारण मला वाटलं, दुखायचं अजून राहिलं असेल. मुंगी चावते तेवढंही नाही.

आई मात्र किती ओरडायची! तुझ्या पावलांचा आवाज आला की किंचाळायची, अंगावर पांघरूण ओढून घ्यायची, तुला नाही नाही ते बोलायची. तू हातात ती पांढरी वाटी घेऊन दारात उभी राहायचीस, तुझा चेहरा उतरलेला असायचा आणि तू म्हणायचीस, “आई, थोडंच दुखेल.” तुला वाटायचं तुझा हात जड आहे. तू केळ्यावर टोचून टोचून सराव करायचीस, ते मी बघितलंय.

तुझा हात जड नव्हता. बाराला तू यायच्या आधी, वडी तिच्या हातावर ठेवून, मी रोज तिच्या कानात सांगायची, “आली बघ तुझी धाकटी, तुला आंधळं करायला.”

हे मी कबरीपाशी कुणाला सांगितलं नाही. चोलेला नाही, फादरांना नाही. हे तुझं होतं, म्हणून तुला लिहिलं.

आता मला काही मागायचं नाही. फक्त लिहायचं असेल तर लवकर लिही, आणि मोठ्या अक्षरात. शिव्या लिही, काय वाटेल ते लिही. दुसऱ्या कुणाकडून मला ते वाचून घ्यायचं नाही.

दोमितिला